सेल्फवेट धरलंय का?

सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक तरी मुलगा प्रत्येकाच्या नात्यात असतोच, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही. पहिल्या वर्षी तो माणसांत असतो. दुसऱ्या वर्षी एसओएम, म्हणजे स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स, हा विषय लागतो, बीमचे शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटचे आलेख काढायची सवय होते आणि मुलगा हाताबाहेर जातो. लग्नाच्या हॉलमध्ये अक्षता पडत असताना याची नजर छतावर असते. हॉटेलात कागदी रुमाल हाती लागला की त्यावर दोन आधार, वर बाणांची रांग आणि खाली पॅराबोला उमटतो. मामाने हौसेने नव्या फ्लॅटचा नकाशा दाखवला, तर देवघर कुठे येतं ते न बघता हा विचारतो, "गॅलरी किती बाहेर काढलीय?" इथवरही चाललं असतं. पण त्याला एक प्रश्न चिकटलेला असतो, आणि तो कुठेही निघतो. वाण्याने पाच किलो तांदूळ मोजले की, "पिशवीचं सेल्फवेट धरलंय का?" जिममध्ये कोणी चाळीस किलो उचलल्याचं सांगितलं की, "दांड्याचं धरलंस?" दहीहंडीचा सहावा थर लागताना सगळ्यांचा श्वास अडकलेला असतो, आणि याला काळजी असते ती खालच्या थराने स्वतःचं वजन हिशेबात घेतलं की नाही याची.

माझं म्हणणं असं आहे, की हा प्रश्न असह्य असला तरी इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत त्या मुलाच्या पदरात पडलेली सगळ्यात मोलाची वस्तू तोच आहे. आपल्या घरांत सर्रास सापडणारा २३० बाय ४५० मिलिमीटरचा, चार मीटर लांबीचा काँक्रीटचा बीम घ्या. काँक्रीटचं वजन घनमीटरला २५ किलोन्यूटन धरायचं, म्हणजे या बीमचं दर मीटरला सुमारे २.५९ किलोन्यूटन होतं, आणि अख्खा बीम एक टनाच्या वर जातो. त्याच्यावर अजून भिंत नाही, स्लॅब नाही, मामाही नाही. गाळ्याच्या लांबीचा वर्ग करून भाराने गुणायचं आणि आठने भागायचं, हे सूत्र त्याला झोपेतही येतं. पण तो भार लिहिताना बीमचं स्वतःचं वजन विसरलं, की उत्तर पाच दशांश स्थळांपर्यंत अचूक आणि तरीही चुकीचं येतं. गॅलरीची चौकशीही उगाच नसते. तेवढ्याच लांबीचा, तेवढाच भार घेणारा बीम एका टोकाला धरून बाहेर काढला की आठच्या जागी दोन येतात आणि मोमेंट चौपट होतो. नजरकैदेत बसून पुस्तक लिहिणाऱ्या गॅलिलिओलाही हाच नाद होता. १६३८ साली छापलेल्या त्या पुस्तकात भिंतीतून बाहेर आलेली तुळई आहे, आणि वस्तू मोठी करत नेली की एका मर्यादेनंतर ती स्वतःच्याच वजनाने मोडेल हा मुद्दाही आहे. तुळईच्या छेदातला ताण कसा वाटला जातो, हे मात्र त्याने चुकीचं धरलं आणि तिची ताकद तिप्पट काढली. आज वायवाला असं उत्तर दिलं तर केटी लागेल.

यावर जाणती माणसं म्हणतील, की गणितात थोडं इकडेतिकडे झालं तरी दीडचा सुरक्षा गुणक असतोच, आणि आता आकडेमोड कॉम्प्युटर करतो. पण दीडने गुणलं जातं ते मोजलेल्या भाराला. जो मोजलाच नाही त्याला दीडने गुणून शून्यच येतं. कॅनडातल्या क्वेबेक पुलाचा मधला गाळा आधी ठरलेल्या १६०० फुटांवरून १८०० फुटांवर नेला, पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब वेळेवर नव्याने केला नाही. चूक ध्यानात आली तेव्हा बरंच पोलाद घडवून झालं होतं, आणि वाढलेला ताण चालण्यासारखा आहे असं ठरवून काम पुढे नेलं. २९ ऑगस्ट १९०७ रोजी बांधकाम चालू असतानाच पूल कोसळला आणि ७५ कामगार मेले. तिथले सल्लागार अनुभवी आणि नावाजलेले होते. राहता राहिला कॉम्प्युटर. स्टॅड या सॉफ्टवेअरमध्ये सेल्फवेटची आज्ञा वेगळी द्यावी लागते, ती दिली नाही तर ते बिचारं बिनवजनाची इमारत निमूटपणे उभी करून देतं, रंगीत चित्रासकट.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: आपल्याकडे स्लॅब पडतात ते वाळूमुळे, गळतीमुळे, मिस्त्रीमुळे, गणितामुळे नव्हे. मान्य. छज्ज्याच्या सळया वरच्या बाजूला हव्यात, कारण ताण तिथे येतो, आणि काँक्रीट ओतताना घमेली घेऊन फिरणारी माणसं त्याच सळया पायाने तुडवत खाली दाबतात. पण हे बघून ओरडेल तर तोच, ज्याने तो आलेख शंभरदा हाताने काढला आहे. दुर्दैव असं, की तेव्हा तो साइटवर नसतो. आठव्या सेमिस्टरला कॅम्पसमध्ये आयटी कंपनी येते, किंवा घरचे एमपीएससीची पुस्तकं आणून देतात. हळूहळू तो लग्नात नवरीकडे बघायला लागतो. तांदूळ मुकाट्याने घेतो. घरच्यांना वाटतं, पोरगं सुधारलं.

तेव्हा ऑफर लेटर येण्याआधीच त्याला सोसायटीच्या सभेला न्या. गच्ची गळते म्हणून जुना कोबा न काढता त्यावर नवा टाकायचा ठराव तिथे मंजूर होत असेल. चार इंची कोबा चौरस मीटरला साधारण २०० किलो भरतो. गच्चीवर माणसांच्या वावरासाठी धरलेला भार आहे सुमारे १५०. त्याने हात वर केला तर कृपा करून त्याला बोलू द्या.