पन्नाशीची चौथी

आपल्याकडे एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली तारीख! आता हे काम मुलांनीच अंगावर घेतलंय. अमेरिकेने १९९८ साली कायदा केला: १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय इंटरनेटवर गोळा करायची नाही. कंपन्यांनी तो इमानेइतबारे पाळला, म्हणजे जन्मसाल विचारायला सुरुवात केली. चौथीतलं पोरगं सालांच्या चाकाला अंगठ्याने एक झटका देतं. चाक १९७४ वर थांबलं की पठ्ठ्या पन्नाशी पार! मग त्याला गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिराती दिसल्या, तर तेवढीच काय ती शिक्षा.

आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने तर बालपण थेट १८ पर्यंत लांबवलं, वर पालकांची ‘पडताळता येईल अशी’ संमती मागितली. ती बहुधा फोनवरच द्यायची. संध्याकाळी सात वाजता आईचा फोन कुणाच्या हातात असतो, हे कायदेपंडितांनी कुठल्याही घरात डोकावून पाहावं. आणि जाता जाता त्या फोनचा पासवर्ड आईला कुणी लावून दिला, तेही विचारावं.