बियर, आवृत्ती ४.३

मुक्तराव हे त्याचं खरं नाव नव्हे. पोर्टलंडच्या मराठी मंडळींनी ठेवलेलं. आठवडाभर सॉफ्टवेअर लिहितो, शनिवारी गॅरेजमध्ये बियर करतो, आणि दोन्हीकडे नियम एकच: जे केलं ते जगासमोर उघडं ठेवायचं.

त्याच्याकडे बियर प्यायला जाऊ नये. म्हणजे जावं, पण घरून काहीतरी पिऊन जावं. कारण ग्लासाच्या आधी पाककृती येते. माल्ट ६६ अंशांच्या पाण्यात तासभर का भिजवलं, हॉप्स उकळीच्या कितव्या मिनिटाला पडले, यीस्ट घालताना वर्ट २० अंशांवर होता की २१ वर. मग परवाना: कुणीही करा, बदला, विका; फक्त माझं नाव द्या आणि तुमचा बदलही असाच खुला ठेवा. (घरची बियर विकायला अमेरिकेत कायद्याने बंदी आहे, पण तत्त्व ते तत्त्व.) एव्हाना फेस बसलेला असतो.

खुल्या बियरची ही कल्पना कोपनहेगनची. तिथल्या आयटी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी सुपरफ्लेक्स या कलावंतांच्या गटाबरोबर २००४-०५ मध्ये ग्वाराना घातलेली बियर केली आणि कृती क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली देऊन टाकली. मुक्तराव ही कथा सत्यनारायणाच्या पोथीसारखी सांगतो. मधेच उठणाऱ्याला प्रसाद नाही.

हॉप्समध्येही सोवळं-ओवळं आहे. कॅस्केड चालतो, कारण तो इथेच ओरेगनमध्ये सरकारी संशोधनातून निघाला आणि १९७२ मध्ये सर्वांना खुला झाला. सिट्रा चालत नाही. तिचे हक्क खासगी कंपनीकडे. वहिनींना नेमकी सिट्राच आवडते. त्या बाहेर जाऊन पितात.

‘सुधारणा सुचवा’ असा त्याचा आग्रह. मी एकदा म्हटलं, जरा कडू झालीय. तो म्हणाला, ‘तुझ्या जिभेची नोंद घेतो.’

यंदा सांगलीहून त्याची आई आली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन बियर करायची मुभा आहे. तिसऱ्याने कोटा वाढतो का, हे त्यानं आधीच पाहून ठेवलं होतं. वाढत नाही. काकूंचा गोडा मसाला अख्ख्या वाड्यात प्रसिद्ध. कृती मागणाऱ्या प्रत्येकीला त्यांनी ती हसतमुखानं दिली. फक्त प्रत्येकीला एकेक वेगळा जिन्नस वगळून.

गॅरेजमधला वास घेऊन काकू म्हणाल्या, ‘एवढा काढा उकळतोयस, आमसुलं तरी घाल.’ आणि तो फोनवर असताना स्वतःच घातली.

महिन्यानं बाटल्या उघडल्या. गुलाबी झाक, आंबटसर चव. लोकांनी पाककृती न ऐकता दुसरा ग्लास मागितला. मुक्तराव वही घेऊन धावला: ‘आई, किती? कितव्या मिनिटाला?’

‘अंदाजानं रे.’

मग त्यानं आईला परवाना समजावला. बदल ज्याचा, त्यानं तो जाहीर करायचा. नाहीतर सगळी चळवळ बुडाली. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं, ‘बरं, लिही’ म्हणाल्या आणि ग्रॅमवार सांगितलं. आवृत्ती ४.३ त्याच रात्री जाहीर झाली.

पुढच्या खेपेला ती चव आली नाही. त्यानं पाणी तपासलं, थर्मामीटर बदलला. वहिनी सासूबाईंकडे बघून काही बोलल्या नाहीत. सध्या त्याचा संशय यीस्टवर आहे.