मूळ सिनेमातल्या चुका

इंग्रजी सिनेमा बघायचा असेल तर काकांना शेजारी बसवू नये. 'गॉडफादर' सुरू होतो, मार्लन ब्रँडो मांडीवरच्या मांजराला कुरवाळत बसलेला दिसतो, खोलीतले सगळे श्वास रोखतात आणि काका चष्मा कपाळावर ढकलून निकाल देतात, "गाल कमी आहेत."

कोणापेक्षा कमी? अर्थात 'मॅड'मधल्या ब्रँडोपेक्षा. तेव्हा न्यूयॉर्कहून निघणाऱ्या त्या विनोदी मासिकाच्या डिसेंबर १९७२च्या, म्हणजे १५५व्या अंकात 'द ऑडफादर' नावाचं विडंबन आलं होतं. लिहिलं होतं लॅरी सीगलने, काढलं होतं मॉर्ट ड्रकरने. काकांच्या लेखी मूळ कलाकृती ती. कोपोलाचा सिनेमा म्हणजे तिच्यावरून कोणीतरी केलेली, बऱ्यापैकी जमलेली, पण विनोद गाळून टाकलेली आवृत्ती. या भूमिकेसाठी ब्रँडोने जबड्यात बसवायला खास कवळीसारखं काहीतरी करून घेतलं होतं, हे काकांना ठाऊक आहे. "प्रयत्न केला बिचाऱ्याने," एवढं ते मान्य करतात.

'जॉज' बघताना मासा लहान वाटतो. दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायची तेव्हा स्पॉकचे कान आखूड वाटत. तरुणपणी एका पुढाऱ्याच्या सभेला पहिल्या रांगेत जागा मिळाली, तर हे अर्ध्यातून परत आले. 'मार्मिक'मध्ये पाहिलेलं नाक प्रत्यक्षात निघालंच नव्हतं.

काका फोर्टमधल्या एका बँकेत कारकून होते. डबा खाऊन झाला की उरलेला वेळ फाउंटनच्या फुटपाथवर जायचा. तिथे जुन्या पुस्तकांच्या ढिगात 'मॅड' सापडे: कोपरे दुमडलेले, कोणा परक्या माणसाचं नाव पेनाने घातलेलं, क्वचित चहाचा गोल डाग पडलेलं. साहेबलोक टाइम्स वाचत, काका टेबलाच्या खणात 'मॅड' उघडून बसत. इंग्रजी त्यातूनच सुधारलं, असं ते सांगतात. बँकेतल्या साहेबांचं मत वेगळं होतं.

सिनेमाआधी विडंबन हा उलटा क्रम काही काकांच्या चक्रमपणातून आला नव्हता. हॉलिवूडच्या बड्या कंपन्यांचा भारत सरकारशी असलेला करार १९७१मध्ये संपला आणि तो पुन्हा व्हायला १९७५ उजाडलं. मधल्या काळात नवे अमेरिकी सिनेमे इकडे येणं जवळपास थांबलं. रद्दीला मात्र करार लागत नाही. सिनेमे अडले, त्यांची टिंगल फुटपाथपर्यंत पोचली. एका अख्ख्या पिढीने अमेरिकी सिनेमा असा टवाळखोर मित्राच्या तोंडून ऐकला. बाकीच्यांनी पुढे मूळ सिनेमे पाहिले आणि आपलं मत बदललं. काकांनी पाहिले आणि आपलं पक्कं केलं.

सिनेमा-मालिकांची खरी नावं त्यांच्या तोंडी कधी बसलीच नाहीत. 'जॉज' म्हणजे 'जॉड', 'साउंड ऑफ म्युझिक' म्हणजे 'साउंड ऑफ मनी', कोलंबो म्हणजे 'क्लोडम्बो'. व्हिडिओ कॅसेटच्या काळात गल्लीतल्या लायब्ररीत जाऊन त्यांनी 'एम्पायर स्ट्राइक्स आउट' मागितला. पोऱ्याने रजिस्टर दोनदा चाळलं आणि आदराने सांगितलं, "काका, तो बाहेर गेलाय. सोमवारी या." काका सोमवारी गेले.

त्यांना सगळ्यात लाडकं ते पहिलं पान. 'मॅड'च्या विडंबनाची एक ठरलेली रीत होती. सुरुवातीला मोठं चित्र, त्यात सगळी पात्रं दाटीवाटीने उभी, आणि प्रत्येक जण फुग्यातून आपली ओळख स्वतःच करून देतोय, तीही निर्लज्जपणे खरी. नायक सांगणार की मला अभिनय येत नाही पण हनुवटी आहे. नायिका सांगणार की पुढची सगळी पानं मला फक्त किंचाळायचंय. काकांनी ही रीत घरात आणली. पाहुणा उंबऱ्यात उभा असतानाच ते त्याच्या वतीने बोलू लागतात: "मी यांचा मेव्हणा. दर दिवाळीला येतो, फराळ संपला की मला ॲसिडिटी होते आणि मग मी जातो." काकू आतून ओरडतात, "अहो, आधी आत तरी येऊ द्या त्यांना!" मुलीला बघायला मंडळी आली तेव्हा काकांना दोन तास गच्चीवर पाण्याची टाकी तपासायला पाठवलं होतं. लग्न त्यामुळेच जमलं, अशी काकूंची श्रद्धा आहे.

एरवी हा माणूस असह्य आहे, यात वाद नाही. तरी सोसायटीच्या गणेशोत्सवातला एक प्रसंग त्यांच्या खात्यावर जमा धरावा लागतो. मुलांनी सेक्रेटरींवर प्रहसन बसवलं. सेक्रेटरींना रंगीत तालमीतच त्याचा सुगावा लागला आणि भावना दुखावल्याची नोटीस फलकावर लागली. सभेत काका उठले. म्हणाले, "बर्लिनचा खटला आठवा." मागून कोणीतरी विचारलं, यात जर्मनी कुठून आली? काकांनी ते मनावर न घेता सांगितलं की अर्व्हिंग बर्लिन हा अमेरिकेतला थोर गीतकार. त्याच्या आणि इतरांच्या गाण्यांच्या चालीवर 'मॅड'ने टवाळ गाणी रचली म्हणून संगीत प्रकाशकांनी दावा लावला, आणि १९६४मध्ये अपील न्यायालयाने कौल 'मॅड'च्या बाजूने दिला. विडंबनाला अमेरिकेत कायद्याचा आधार मिळाला त्यात या निकालाचा वाटा मोठा आहे.

मग त्यांनी दुसरा किस्सा काढला. 'एम्पायर स्ट्राइक्स बॅक'च्या विडंबनावर लुकासफिल्मच्या वकिलांनी 'मॅड'ला कडक पत्र धाडलं. त्याआधीच खुद्द जॉर्ज लुकासचं पत्र संपादकांकडे आलं होतं: अंक अफाट आवडला, चित्रकार ड्रकर आणि लेखक डिक डीबार्टोलो यांना शाबासकी. 'मॅड'ने त्या पत्राची प्रत वकिलांना पाठवून दिली. विषय संपला. "ज्याची टिंगल होते तो मोठा असेल तर खूश होतो," काका सेक्रेटरींकडे बघत म्हणाले, "दुखतात त्या वकिलांच्या भावना." प्रहसन झालं. सेक्रेटरी पहिल्या रांगेत बसून हसले, कारण न हसण्याची सोय उरली नव्हती. ज्यांच्या भावना कायम फलकावर लावून ठेवलेल्या असतात अशा सर्वांसमोर काकांना एकदा उभं करायला हवं.

परदेशी मासिकावर एवढं प्रेम म्हणून त्यांना आपल्याकडचं वावडं आहे असं मुळीच नाही. मधुकर पाटकरांच्या 'आवाज'मधली खिडकीचित्रं आणि अल जॅफीने १९६४पासून 'मॅड'च्या शेवटच्या पानावर सुरू केलेली घडीची चित्रं त्यांनी एकाच पेटीत ठेवली आहेत. पान दुमडलं की दोन टोकं जुळून तिसरंच चित्र तयार होई. केशवकुमारांची, म्हणजे आचार्य अत्र्यांची 'झेंडूची फुले' तर त्यांच्या दृष्टीने मराठी कवितेचा मूळ ग्रंथ. त्यावरून इतर कवींनी गंभीर कविता लिहिल्या आणि पुढे अत्र्यांनी 'श्यामची आई' हा सिनेमा काढून जुनी उधारी फेडली, असा त्यांचा वाङ्मयेतिहास आहे.

त्यांची नजर मात्र पक्की. ड्रकर नुसते चेहरे मोठे करत नसे, हात बघा, हे सोसायटीतल्या पोरांना त्यांनीच शिकवलं. घाबरलेल्या माणसाचा हात, खोटं बोलणाऱ्याचा हात. चेहरा झाकला तरी माणूस ओळखू यावा. टीव्हीच्या मालिकांची विडंबनं काढणारा अँजेलो टोरेस आणि समासात मुंगीएवढी चित्रं पेरणारा सर्जिओ आरागोनेस यांच्यावरही ते तासभर बोलू शकतात, आणि बोलतात. अभिनेता मायकल जे. फॉक्सने १९८५मध्ये टीव्हीवर जॉनी कार्सनला सांगितलं होतं की ड्रकरने आपला चेहरा काढला तेव्हा आपण या धंद्यात स्थिरावलो हे कळलं. ऑस्करचा उल्लेख निघाला की काका हे ऐकवतात.

आता नातीच्या फोनवर सगळे सिनेमे आहेत. काकांनी ते एकेक तपासून काढले. चुकांची यादी संपली, तसं बोलणं कमी झालं. विडंबनावर हसायला मूळ गोष्ट सर्वांनी पाहिलेली लागते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला 'मॅड'चा खप २० लाखांवर होता तो त्या बळावर. आता एकाच घरात चार जण चार पडद्यांवर चार गोष्टी बघतात. टिंगल करायची तर कशाची? 'मॅड'ने २०१९मध्ये स्टॉलवर येणं थांबवलं आणि नंतरचे अंक बहुतेक जुन्या मजकुरावर निघू लागले. एप्रिल २०२०मध्ये ड्रकर ९१ वर्षांचा होऊन गेला. टाळेबंदी होती. ही बातमी सांगायला काकांना चाळीस उंबऱ्यांच्या इमारतीत एकही माणूस सापडेना. शेवटी त्यांनी सेक्रेटरींना फोन केला. ते अर्धा तास ऐकत राहिले म्हणे.

एक काम अडलेलं आहे. काकांच्या १५५व्या अंकातलं 'ऑडफादर'चं शेवटचं पान फुटपाथवर येण्याआधीच कोणीतरी फाडलेलं होतं. त्यामुळे ती गोष्ट कशी संपते हे त्यांना आजतागायत माहीत नाही. कोपोलाचा शेवट त्यांनी अनेकदा पाहिलाय, पण ते तो धरत नाहीत. तेव्हा कोणाच्या माळ्यावर तो अंक असेल तर रद्दीत घालू नका. काका स्वतः न्यायला येतील, भाव रद्दीचाच देतील, आणि उंबऱ्यात उभे राहून तुमची ओळख तुम्हालाच करून देतील. तेवढं सोसा.