नंदगडात बसून फ्रॅक्टल काढण्याची शास्त्रोक्त पद्धत

मुहूर्त पावसाळ्यातला धरावा. खानापूर तालुक्यात पावसाने एकदा बैठक मारली, की नंदगडच्या माणसाला बाहेर जाण्याची सबब उरत नाही. त्यात लाइट गेली, की सेलवर चालणाऱ्या यंत्राचा भाव वाढतो.

साहित्य : ग्राफिंग कॅल्क्युलेटर, एक. दुकानात मागू नये. दुकानदार साधाच काढतो आणि हाच मोठा म्हणून शपथ घेतो. परदेशातून सुट्टीवर आलेल्या आतेभावाकडून उसना आणावा. या जातीचा पहिला, एफएक्स-७०००जी, कॅसिओने १९८५ साली काढला. त्याच्या पडद्यावर ९६ बाय ६४, म्हणजे ६१४४ ठिपके. देवळालीच्या गणिती कापरेकर मास्तरांच्या गाजलेल्या ६१७४ या आकड्याला तीसच कमी पडले. मास्तर तेव्हा हयात होते, विचारायला हवे होते.

पहिला आलेख साइनचा. पडद्यावर लाटेऐवजी आडवी रेघ येईल, लावणीआधी सपाट केलेल्या चिखलासारखी. यंत्राला शिव्या देऊ नयेत. ते डिग्रीवर असते, रेडियनवर आणावे. टॅनच्या आलेखात मात्र मधूनच उभ्या रेघा दिसतील. त्यांवर विश्वास ठेवू नये. लांबचे दोन ठिपके जोडायची काही यंत्रांना खोड असते.

आता फ्रॅक्टल. हा शब्द मँडेलब्रॉट या गणितीने १९७५ साली घडवला. वस्तू मात्र गावात जुनीच आहे. इंग्रजांशी लढलेल्या संगोळी रायण्णाला १८३१ साली नंदगडात फाशी दिले. त्याच्या समाधीवर लावलेला म्हणतात तो वड पाहावा. मोठी फांदी जशी फुटते, तशीच तिची डहाळी.

मँडेलब्रॉटची कृती भाकरीहून सोपी. एक संख्या निवडा. शून्यापासून सुरुवात करून वर्ग करा, निवडलेली संख्या मिळवा, आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग. साध्या कॅल्क्युलेटरवर ‘आन्सर’ची कळ असली तरी पुरते. १ घेतलात तर १, २, ५, २६, ६७७, ४५८३३०... अकराव्या दाबाला ‘मॅथ एरर’. ही संख्या पळाली. उणे १ घेतलात तर ती खानापूर-नंदगड बससारखी उणे १ आणि ० यांच्यामध्ये फेऱ्या मारत राहते. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक संमिश्र संख्या. न पळणाऱ्यांचे ठिपके काळे करा, झाले चित्र. खालचा अर्धा भाग वरच्याचे प्रतिबिंब, म्हणून निम्मेच कष्ट. रात्रभर खपून तयार झालेली आकृती आजीला दाखवू नये. ती झुरळ म्हणते.

खरी गंमत ०.२५ च्या दारात आहे. ०.२५ पळत नाही. त्याहून जरा मोठी पळते, पण नव्या सुनेसारखी अडखळत. उत्तराने २ ओलांडले, की संख्या पळालीच समजावी. ०.२६ ला २ ओलांडायला सुमारे ३० दाब लागतात, ०.२५०१ ला ३१२, ०.२५०००१ ला ३१४०. आकडे ओळखीचे वाटतात ना? वर्तुळ कुठेच नाही, तरी पाय (π) हजर! १९९१ साली डेव्हिड बोल नावाच्या अमेरिकी विद्यार्थ्याला हे दिसले. त्याने संगणक वापरला. आपण अंगठा झिजवून पाय मिळवायचा आहे.

मधेच कोणी “काय करालास रे?” म्हणून विचारले, तर ओ देऊ नये. मोजणी चुकली की पुन्हा शून्यापासून. दर दाबाला एक चिंचोका डब्यात टाकावा. ३१४० लागतील, ते उन्हाळ्यातच जमवून ठेवा.