गेटसाहेब

माझा धंदा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल सुचतो कारखानदाराला, विणतो विणकर, पण बाजारात जातो तो माझ्या खोक्यातून. म्हणून नवं काही निघणार असलं की मला बोलावणं येतं. पूर्वी ते मालकाच्या तोंडून यायचं: "ये की बे, नवीन माल बघून जा." आता ईमेल येतो. 'गेट ३ च्या बैठकीस पॅकेजिंगचे प्रतिनिधी म्हणून उपस्थित राहावे.' मी प्रतिनिधी कुणाचा, तर माझा आणि माझ्या दोन मशीनींचा. ईमेलखाली सही असते गेटसाहेबाची.

गेटसाहेब बऱ्याच कारखान्यांत आहेत. घडण सगळ्यांची एक, म्हणून एकाचं लिहिलं तरी बाकीच्यांना ते आपलंच वाटेल. वय पस्तिशीच्या आसपास. मालकाचा पुतण्या. एमबीए पुण्यात, नंतर चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत काही वर्षं, आणि मग 'आपलाच कारखाना सांभाळ' म्हणून घरच्यांनी परत आणलेला. एप्रिलात, जेव्हा सोलापुरात माणसं बनियनवर हिशेब करतात, तेव्हाही हा पूर्ण बाह्यांच्या शर्टात. गळ्यात ओळखपत्र. कारखान्यात मोजून चाळीस माणसं, त्यातल्या निम्म्यांनी ह्याला पाळण्यात पाहिलेलं, तरी ओळखपत्र. मालकाला घरी 'काका' म्हणतो, बैठकीत 'सर'. मालक दर वेळी मागं वळून बघतात, कोण सर आले म्हणून.

ह्याची ही गेटांची पद्धत तशी वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. नवा माल काढायचा तर सगळा पैसा एका दमात ओतू नये, एवढंच तिचं म्हणणं. कल्पना, चाचपणी, हिशेब, नमुना, चाचणी, बाजार असे टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्प्याच्या तोंडाशी एक गेट ठेवायचं आणि तिथं थांबून विचारायचं: पुढचा पैसा घालायचा की इथंच हात धुवायचे? अमेरिकेच्या 'नासा'नं १९६० च्या दशकात कामाचे असे टप्पे पाडले होते. पुढं कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचे प्राध्यापक रॉबर्ट कूपर यांनी कंपन्यांची नवी उत्पादनं का चालतात नि का पडतात ते तपासलं आणि १९८० च्या दशकात 'स्टेज-गेट' हा प्रकार उभा केला. त्या नावाचा पुढं ट्रेडमार्कही झाला. गेटवर निकाल चारच: गो, किल, होल्ड, रिसायकल. जाऊ दे, मारून टाक, थांबव, किंवा परत करून आण.

याच कूपरसाहेबांनी नंतर तक्रारही लिहून ठेवली आहे की कंपन्या गेटं उभारतात पण त्यांना दात नसतात. आत शिरलेली कल्पना मधे कुणी मारत नाही, ती थेट पलीकडे निघते. गेटसाहेबानं कूपरसाहेबांचं पुस्तक पाठ केलंय, एवढं एक पान सोडून. परवापरवापर्यंत त्याच्या हातून एकही 'किल' झालेला नव्हता. होणार कसा? कल्पना मालकाची असते, नाहीतर मालकाच्या जावयाची. तिच्यापुढं 'किल' लिहायचं आणि रात्री त्याच घरात त्याच ताटात जेवायचं, हे कॅनडात जमत असेल. म्हणून गेटसाहेबानं पाचवा निकाल शोधून काढला आहे: 'सशर्त गो'. तोवर त्याच्या फायलीत दुसरा निकालच नव्हता.

गंमत अशी की गेटं या गावाला नवी नाहीत. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालं, ते काही ईमेल पाठवून नव्हे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात घराघरांत माग बसवले, तेव्हापासून नव्या मालाची परीक्षा ठरलेली. पहिली जॉबरकडे, म्हणजे मागांच्या मुकादमाकडे. तो कापड अंगठ्यानं दाबणार आणि म्हणणार, "घड्डं हाय." किंवा काहीच न म्हणता निघून जाणार, म्हणजे माल बाद. दुसरी घरात, अम्मांकडे. अम्मा म्हणजे गेटसाहेबाची आजी. नवा टॉवेल मांडीवर पसरून त्यावर बोटानं पाण्याचा एक थेंब सोडायच्या. थेंब आत गेला तर ठीक. वरच बसून राहिला तर, "हे कुणाला पुसायला? देवाला?" तिसरी चाटी गल्लीत. तिथला व्यापारी आधी भाव सांगतो, मग माल बघतो. आणि चौथी परीक्षा, मालाची गाठोडी परत येतात का ही. या चारही ठिकाणी 'नाही' म्हणायला कुणाची जीभ अडत नव्हती. इतिवृत्त मात्र कुणी लिहिलं नाही, म्हणून गेटसाहेबाच्या लेखी ते सगळं 'अनौपचारिक'.

फार कशाला, संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, त्याच्यापुढं धान्य, गूळ, खोबरं असं काय काय ठेवतात. ते कशाला तोंड लावतं, बिथरतं की शांत राहतं, यावरून वर्षाचं पाऊसपाणी आणि बाजारभाव सांगतात. हे मी एकदा गेटसाहेबाला 'एकसदस्य समिती' म्हणून ऐकवलं. तो हसला नाही. "निकष लेखी आहेत का?" असं विचारलं.

आता खिसावाल्या चादरीकडे येतो. कल्पना जावयाची. होस्टेलच्या पोरांना रात्री मोबाईल ठेवायला जागा नसते, तर चादरीलाच खिसा. गेट १ ला चहा येईपर्यंत मंजूर. गेट २ ला चाचपणी: जावयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, सगळ्यांनी अंगठे दाखवले. ग्रुप जावयाच्या मित्रांचा, सगळे पंचेचाळिशीतले. त्यांना होस्टेल सोडून वीस वर्षं झाली होती, हे मी म्हणणार होतो, पण खोकी माझी होती. गेट ३ ला एक्सेल. त्यात पहिल्या वर्षी खप इतका दाखवला होता की महाराष्ट्रातली सगळी होस्टेलं आमच्या चादरीत झोपली असती आणि काही पोरांनी दोन-दोन घेतल्या असत्या. निकाल: सशर्त गो. अट कोणती, तर 'बाजाराची खात्री करून घ्यावी', जे मुळात गेट २ चं काम.

नमुन्याच्या वेळी म्हाताऱ्या विणकरानं हात जोडले. "साहेब, मागावर खिसा येत न्हाई ओ. मोराचं पीस पाहिजे तर काढून देतो. खिसा शिवायच लागतंय." तेही खरंच. जॅकार्डवर पंचिंग केलं की चादरीवर मयूरपंख उतरतो, हत्ती उतरतो, पण खिसा ही वेगळी पट्टी, ती शिवणाऱ्या बायकांकडे जाणार आणि तिची मजुरी एक्सेलमध्ये कुठंच नव्हती. गेटसाहेबानं नवा रकाना पाडला. रकाना पडला की त्याचा चेहरा निवळतो, आकडा काहीही असो.

मग आली चाचणी. ६०×९० इंचाची एक चादर रात्रपाळीच्या जॉबरला दिली, 'वापरकर्ता अनुभव' लिहून आण म्हणून. सकाळी तो आला तो डोळे चोळत. रात्री कूस बदलताना चादर फिरली होती. उशाचा खिसा पायथ्याला गेला होता. पहाटे मोबाईल वाजला तेव्हा अंधारात चादरीची चारही टोकं चाचपून झाली, तोवर शेजारच्या तिघांनी उठून शिव्या घातल्या होत्या. हे सगळं त्यानं फॉर्मवर एका शब्दात लिहिलं होतं: 'वाजलं.'

बैठकीत शांतता पसरली. मला वाटलं, आता होतोय पहिला किल. अम्मा असत्या तर एवढ्यात चादर उलटी करून खिसा उसवून मोकळ्या झाल्या असत्या. गेटसाहेब उठला, फळ्यापाशी गेला, चादरीचा चौकोन काढला आणि प्रत्येक कोपऱ्यात एक खिसा काढला. चादर कशीही फिरली तरी उशाला खिसा असणारच. मालकांनी टाळी वाजवली. निकाल: सशर्त गो. मला चार खिशांचं चित्र असलेल्या खोक्यांची ऑर्डर मिळाली, तेव्हा माझी टाळी जरा जोरातच वाजली असेल.

चादर थांबली ती गेटवर नाही, फोनवर. सुताचा व्यापारी हा सोलापुरातला सगळ्यांत कमी बोलणारा माणूस. त्याच्याकडे ना तक्ता ना निकष, एक वही. तो म्हणाला, "मागचं बिल आलं की पुढचं सूत." गेटसाहेबानं त्याला व्यवसाय-आराखडा पाठवतो म्हटलं. तो म्हणाला, पाठवा, आणि फोन ठेवला. माझं म्हणणं विचाराल तर पुस्तकातला गेटकीपर हाच. प्राध्यापकांना जे दात हवे होते ते याच्या तोंडात आहेत, कारण अडकलेला पैसा याचा आहे. समितीत बसलेल्या आम्हा सात जणांपैकी एकाचाही खिशातला रुपया त्या चादरीत नव्हता. मालकाचा होता, पण मालकाचा जावईही त्यात होता.

पंधरा दिवस सूत आलं नाही. सोळाव्या दिवशी गेटसाहेबानं बैठक बोलावली, गंभीर चेहऱ्यानं फाईल उघडली आणि टपोऱ्या अक्षरांत लिहिलं: 'किल'. कारण: 'धोरणात्मक प्राधान्य'. सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पुढच्याच महिन्यात त्यानं पुण्याच्या जुन्या सहकाऱ्यांपुढं भाषण दिलं, विषय 'लघुउद्योगात नकाराचं धाडस'. त्याचे फोटो मला पाठवले. फोटोत तो फार सुंदर दिसतो. सुतवाल्याचा त्यात उल्लेख नाही, पण सुतवाल्याला त्याचं काही नाही. त्याला बिल मिळालं.

नमुन्याची ती चार खिशांची चादर कुणीतरी गेटवरच्या वॉचमनबाबांना दिली. गेट म्हणजे कारखान्याचं, लोखंडी. परवा खोक्यांचे राहिलेले पैसे मागायला गेलो, तर बाबा खुर्चीत ती चादर पांघरून बसलेले. एका खिशात मोबाईल, दुसऱ्यात बॅटरी, तिसऱ्यात विडीकाडी, चौथ्यात चुन्याची डबी. गेटसाहेब मला सोडायला बाहेर आला होता. त्याला बघून बाबा उठले आणि म्हणाले, "साहेब, लै सोयीचं हाय हे. मेव्हणा बी वॉचमन हाय माझा, तिकडं टिकेकरवाडीला. त्याला एक पायजे. पैसे देतो म्हणलाय."

गेटसाहेब जागच्या जागी थांबला. वरच्या खिशातून पेन काढलं, मला म्हणाला, "तुमच्या खोक्यावरचं चित्र बदलायला किती दिवस लागतील?" आणि बाबांना खुर्चीवर परत बसवून विचारू लागला, "बाबा, सोलापुरात अंदाजे वॉचमन किती असतील?"