दुर्बीणकर

दुर्बीणकराकडे रायफल नसते. असते ती एक्सेल शीट.

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या तिन्ही फेजमध्ये तो आढळतो. फेज तीनमध्ये जरा अधिक, कारण तिथून घरी पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणसाला कुठला ना कुठला नाद लागतोच. वय पस्तीस ते पंचेचाळीस, चष्मा असतोच. नेमबाजीशी पूर्वसंबंध कॉलेजातल्या एनसीसीपुरता: एका कॅम्पात पालथे पडून पॉइंट टू टूच्या पाच गोळ्या झाडल्या, त्यातल्या दोन कागदाला लागल्या. पुढच्या वीस वर्षांत, दर लग्नसमारंभात एक या हिशेबाने, पाचही लागलेल्या असतात.

लागण झाल्याची तारीख बहुतेकांच्या बाबतीत एकच निघते. १ ऑगस्ट २०२४ च्या दुपारी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह ब्राँझ मिळवले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कुसाळे तेव्हा पुण्यात रेल्वेत नोकरीला. म्हणजे नोकरी सांभाळूनही हे जमते, एवढाच अर्थ दुर्बीणकराने त्यातून काढला. म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले, हिंजवडीपासून हाकेच्या अंतरावर आहे. हाक तेवढी वाकडच्या पुलावर अडकते. तिथे किंवा आसपासच्या एखाद्या खासगी रेंजवर तो नाव घालतो. कोच त्याच्या हाती दहा मीटरची एअर रायफल देतात आणि श्वास कसा सोडायचा ते सांगतात. तो तसा सोडतो, घरी येतो आणि शीट उघडतो. फाइलचे नाव: ‘पहिली पॉइंट टू टू, स्कोप, फायनल’.

पॉइंट टू टू रायफल दुकानात जाऊन पिशवीत घालून आणता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली तिला परवाना लागतो आणि हिंजवडीकरांचा अर्ज पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात जातो. साडेचार मिलिमीटरच्या, २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला मात्र परवान्याची गरज नाही. दुर्बीणकराचा अर्ज गेलेला असतो. चौकशीला हवालदार घरी येऊन, चहा घेऊन, “हे सगळं कशासाठी?” असे विचारून गेलेले असतात. आता वाट पाहायची. वाट पाहण्याच्या काळात काय करावे हे कायद्यात लिहिलेले नाही, तिथे शीट कामाला येते.

मूळ शीटमध्ये नऊ कॉलम: किंमत, वजन, पट, भिंगाचा व्यास, नळीचा व्यास, डोळ्यापासूनचे अंतर, पॅरॅलॅक्स, क्लिक आणि वॉरंटी. खाली चाळीस ओळी, म्हणजे रायफलीवर बसवायच्या चाळीस दुर्बिणी, चाळीस स्कोप. बायको सहज विचारते, “अरे, पण हे लागतं का?” प्रश्न रास्त असतो, म्हणून दहावा कॉलम वाढतो: ‘गरज’. चाळीसही ओळींत ‘हो’. अकरावा कॉलम त्याच रात्री वाढतो: ‘घरी सांगायची किंमत’. हा लपवलेला असतो.

लपवलेला कॉलम अमेरिकी क्लायंटच्या कॉलवर बाहेर येतो. एका दुर्बीणकराने तिमाहीचे आकडे दाखवायला स्क्रीन शेअर केली आणि चुकीची खिडकी उघडली. पुण्यातले अकरा जण गप्प. टेक्सासमधला क्लायंट मात्र प्रथमच खुर्चीत पुढे सरकून बसला आणि त्याने वीस मिनिटे, कोणत्याही अजेंड्याशिवाय, खारी मारायला कोणता स्कोप बरा हे समजावून सांगितले. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि हिंजवडीत बाल्कनीतल्या कबुतराकडे रागाने पाहण्यापलीकडे कुणाची मजल जात नाही. पण क्लायंट तो क्लायंट. बारावा कॉलम वाढला: ‘खारीसाठी’. चाळीसही ओळींत ‘लागू नाही’. कॉलम काढून टाकणे दुर्बीणकराच्या स्वभावात नाही.

आता एकेक कॉलम क्रमाने.

पहिला मोह पटीचा. स्कोपवर ३-९x४० असे लिहिलेले असते तेव्हा चित्र तीन ते नऊ पट मोठे दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर असतो. पॉइंट टू टूला, पन्नास मीटरवर, चार पट पुरते. नऊ म्हणजे चैन. दुर्बीणकराचे मन चोविसावर असते. चोवीस पटीत लक्ष्य जसे मोठे होते तसा हाताचा कंपही मोठा होतो, आणि त्यातून हृदयाचे ठोके नेम धरायच्या क्रॉसवर उडताना दिसतात. ते पाहून ठोके वाढतात. वाढलेले अधिक स्पष्ट दिसतात.

दुसरा मोह भिंगाचा. भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते: ४० भागिले ४ म्हणजे १० मिलिमीटर. भर उजेडात डोळ्याची बाहुली दोन ते चार मिलिमीटरच उघडलेली असते, अंधारात फार तर सात. उरलेला प्रकाश गालावर पडतो. म्हणून चार पटीला ३२ मिलिमीटरचे भिंग भरपूर. दुर्बीणकराला हा भागाकार तोंडपाठ असतो, तेराव्या कॉलममध्ये त्याचे सूत्र घातलेले असते, आणि तरी त्याला ५० चे भिंग हवे असते. संध्याकाळी उपयोगी पडेल म्हणून. संध्याकाळी रेंज बंद असते आणि तो भूमकर चौकातल्या ट्रॅफिकमध्ये असतो. नळीचेही तेच. पंचवीसऐवजी तीस मिलिमीटरच्या नळीतून जास्त उजेड येतो ही समजूत चुकीची. जाड नळीत क्रॉस वर-खाली सरकायला जास्त जागा मिळते इतकेच, आणि पन्नास मीटरवर ती जागा लागत नाही.

तिसरी गोष्ट पॅरॅलॅक्स, आणि इथे दुर्बीणकराची भीती खरी आहे. एक डोळा मिटून अंगठा समोरच्या खांबावर धरावा आणि मान हलवावी. अंगठा खांबावरून सरकतो. स्कोपमध्ये अंगठ्याच्या जागी क्रॉस असतो. लक्ष्याची प्रतिमा आणि क्रॉस एकाच पातळीवर जुळलेले असले तर मान हलली तरी क्रॉस जागचा हलत नाही. मोठ्या सेंटरफायर रायफलींचे स्कोप बहुधा १०० यार्डांना जुळवलेले असतात, रिमफायरचे ५० च्या आसपास. काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर न ठोकता काठावर ठोकून पेटणारी ती रिमफायर. पॉइंट टू टू लाँग रायफल हे त्यातले १८८७ सालचे, आजही सर्वांत जास्त खपणारे काडतूस, आणि त्याचे काम जवळच्या अंतरावरचे. तेव्हा पहिल्या रायफलीला स्कोप घेताना एवढे एकच विचारले तरी चालते: पॅरॅलॅक्स किती अंतराला जुळवलाय? दुर्बीणकर हा प्रयोग सिग्नलला थांबलेल्या गाडीत शेजाऱ्याला करून दाखवतो. शेजारी म्हणतो, “पण काहीच हलत नाहीये.” चौदावा कॉलम: ‘दहा मीटरवर धूसर?’

चौथी गोष्ट क्लिक. क्रॉस सरकवणारा, कोनाच्या पाव मिनिटाचा एक क्लिक म्हणजे पन्नास मीटरवर सुमारे साडेतीन मिलिमीटर. तिथल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर, शर्टाच्या बटणाएवढा. दहा मीटरवर तोच क्लिक पाऊण मिलिमीटरला थोडा कमी भरतो आणि तिथला दहाचा ठिपका आहे अर्धा मिलिमीटर. म्हणजे घरच्या सरावाला घेतलेला स्कोप एका क्लिकमध्ये दहावरून उडी मारून पलीकडे जातो. या शोधाने एका दुर्बीणकराला चार रात्री झोप नव्हती. त्याच्या आईने पाचव्या दिवशी विचारले, “अरे, दुर्बीण घेतोयस की स्थळ बघतोयस? तुझ्या लग्नाला इतके दिवस लागले नव्हते.” पत्रिका जुळवण्याशी शीटचे साम्य त्याच्याही लक्षात आले होते, छत्तीसपैकी बत्तीस गुण मिळवणाऱ्या एका स्कोपला त्याने केवळ वॉरंटीत मंगळ असल्याने नकार दिला होता.

पाचवी गोष्ट म्हणजे धीर सुटणे. सातव्या-आठव्या महिन्यात दुर्बीणकर एक स्वस्तातला स्कोप मागवतो आणि घरच्या स्प्रिंगच्या एअर रायफलीवर चढवतो. पॉइंट टू टूचा धक्का एवढा हलका की स्कोप भुवईवर आदळण्याची चिंता नाही. स्प्रिंगची एअर रायफल मात्र आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी झटका देते, आणि तो झटका न सोसणारा स्कोप आतून ढिला होतो. दोन-एकशे छर्‍यांत क्रॉस तिरका झाला. एका दुर्बीणकराने स्कोपवर संशय घेण्यापूर्वी भिंतीला लेव्हल लावून पाहिली आणि सोसायटीच्या ग्रुपवर ‘बी विंग किंचित कललेली वाटते’ असा निरोप टाकला. रात्री साडेअकराला चौदा कुटुंबे खाली पार्किंगमध्ये उतरली. पंधरावा कॉलम: ‘झटका सोसतो का’. सोळावा, माउंटबद्दल: ‘खाच ११ मिमी की रुंद पट्टी’; रिंगा खाचेला बसल्या नाहीत तर उत्तम स्कोप टेबलावरच राहतो. रिंगा जमतील तेवढ्या बुटक्या घ्याव्यात, म्हणजे गाल लाकडावर टेकून डोळा आपोआप भिंगामागे येतो. हेही त्याला पाठ असते.

या सगळ्यानंतर तो शीट छापून, पिन मारून, कोचच्या हातात देतो. कोच शेवटच्या पानापर्यंत पाहतात आणि म्हणतात, “साहेब, आपल्याकडे हे चालत नाही.”

खरेच चालत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ५० मीटर रायफलमध्ये बंदुकीवर दुर्बीण लावायला मनाई आहे. मागे बारीक भोकाची पीप साइट, पुढे एक गोल कडे, आणि त्या कड्यात काळा ठिपका मधोमध धरायचा. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची जगज्जेती झाली ती अशाच साइटवर, कुसाळेचे ब्राँझही तसेच. दुर्बीणकराला हे माहीत नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. कोचनी पहिल्या दिवशी श्वासाआधी तेच सांगितले होते. तो शांतपणे घरी जातो. सतरावा कॉलम: ‘नियमात बसतो का’. चाळीसही ओळींत ‘नाही’.

इथे वाचणारे हसतात आणि उठतात, पण प्रकरण थोडे उरते.

हिंजवडीतल्या माणसाने स्वतः निवडलेल्या गोष्टी फार नसतात. फ्लॅट बँकेने ठरवलेला, प्रोजेक्ट मॅनेजरने, निघायची वेळ पुलाने. मोजता येते, तुलना करता येते आणि कुणालाही न विचारता पसंत करता येते अशी वस्तू चाळिशीत एखादीच हाती लागते. आणि ती पसंत केली की दुसऱ्या दिवशी रेंजवर पालथे पडावे लागते. तिथे गोळी आठाच्या वर्तुळात गेली तर दोष भिंगाला देता येत नाही. निवड चालू आहे तोवर नेम चुकत नाही.

त्याच्या सल्ल्यात मात्र खोट नसते. तो कमिशन घेत नाही, विकत काही नाही, आणि दुकानदाराने गळ्यात मारलेला १०० यार्डांचा स्कोप कुणाला परत करायचा असला तर पत्र लिहून देतो. पोरे त्याला ‘काका’ म्हणतात, हे त्याला लागते, पण स्कोप ढिला झाला की त्याच्याचकडे येतात आणि तो स्क्रू एकेक पाव फेरा आवळत रात्री दहापर्यंत बसतो. रायफलीला न जोडलेली दुर्बीण, लक्ष्यावर छिद्र कुठे पडले ते पाहायला, नियमात चालते. एक दिवस तो तिपाईवरची तसली दुर्बीण घेऊन येतो. शीटमध्ये त्या दिवशी प्रथमच कॉलम न वाढता एकेचाळिसावी ओळ वाढते, आणि सतराव्या कॉलममध्ये प्रथमच ‘हो’ येते. मग रविवारी सकाळी तो पोरांच्या मागे स्टुलावर बसतो, एक डोळा मिटून, आणि हळू आवाजात सांगत राहतो: “नऊ, तीन वाजता. पुन्हा नऊ, तिथंच. ग्रुप छान आहे, दोन क्लिक डावीकडे घे.” त्याचे सहसा चुकत नाही.

रेंजवर आलेला एखादा नवा गृहस्थ विचारतो, “पहिल्या पॉइंट टू टूला, नुसती हौस म्हणून, कुठला स्कोप घ्यावा हो?” दुर्बीणकर डोळा न काढता सांगतो: “चार पट, बत्तीस मिलिमीटर, पॅरॅलॅक्स पन्नासला, बुटक्या रिंगा.” उत्तर बरोबर आहे. शीट उघडल्याच्या पहिल्या आठवड्यातही त्याचे उत्तर हेच होते.

परवाना साधारण याच सुमारास येतो. शीटमध्ये ‘रायफल’ नावाचा कॉलम अजून नसतो.