सुधारित, पुनःसुधारित आणि तूर्त लागू

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील गेम्स वर्कशॉप ही कंपनी १९८७ पासून ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा लघुसैन्याचा खेळ चालवते, ज्यात प्लास्टिकचे बोटभर सैनिक खेळाडू स्वतः जोडतो, रंगवतो, टेबलावर इंच मोजून पुढे सरकवतो आणि त्यांचे जगणे-मरणे फाशांवर सोपवतो. प्रत्येक पथकाला ‘गुण’, म्हणजे खेळापुरती ठरवलेली किंमत असते. स्पर्धेत दोन्ही बाजूंना बहुधा २,००० गुणांची मर्यादा असल्याने समतेचा पाया भक्कम समजला जातो. अडचण एवढीच की हा पाया दर काही महिन्यांनी हलवला जातो आणि हलवणाऱ्याचे दुकानही त्याच आवारात आहे.

२०२१ पासून कंपनी ‘बॅलन्स डेटास्लेट’ नावाचे समतोलपत्रक काढते, ज्यात डोईजड सैन्यांचे पंख छाटले जातात आणि मार खाणाऱ्यांना टेकू दिला जातो. हेतू स्तुत्यच आहे. २०२२ मध्ये ‘लीग्ज ऑफ व्होटान’ या सैन्याच्या बाबतीत तर तत्परतेची कमाल झाली: त्याचे नियमपुस्तक मर्यादित संख्येच्या पेटीतून काहींच्या हाती पडले, सैन्य भलतेच भारी असल्याची ओरड झाली आणि पुस्तक स्वतंत्रपणे विक्रीस येण्यापूर्वीच त्यातील गुण वाढवण्यात आले. वरातीमागून घोडे येतात हे जगाला ठाऊक आहे. येथे घोडे वरातीच्या आधीच मांडवात पोचले.

गुण कागदावर बदलतात, हात मात्र डिंकाने चिकटलेले असतात. सैनिकाच्या हातात दिसते तेच शस्त्र त्याचे, हा जुना संकेत. २०२३ च्या दहाव्या आवृत्तीत बहुतेक शस्त्रांचे वेगळे गुण मोजणे बंद झाले, तेव्हा पूर्वी काटकसर म्हणून साधी बंदूक चिकटवणारा शहाणा खेळाडू एका रात्रीत कंजूष ठरला आणि रंग वाळलेल्या कोपरावर बारीक करवत चालवू लागला. करवत अर्थातच स्वखर्चाने.

आयोजकाची पंचाईत याहून नाजूक असते. स्पर्धा शनिवारी, सैन्याच्या याद्या सोमवारीच जमा झालेल्या आणि नवे पत्रक गुरुवारी आलेले, अशा वेळी ते लागू केले तर कालचे २,००० गुणांचे सैन्य आज २,०२० चे होऊन बाद ठरते आणि परगावाहून येणाऱ्याच्या पेटीत बदली सैनिक नसतो. लागू केले नाही तर सर्वांनी दोन दिवस रद्द झालेल्या कायद्याने लढायचे आणि विजेत्याने पुढे वर्षभर ‘जुन्या नियमांवर जिंकलेला’ हे बिरुद मिरवायचे. यावर आयोजकांनी शोधलेला तोडगा म्हणजे नियमबंदीची तारीख: तिच्यानंतर आलेले पत्रक, ते कितीही न्याय्य असले तरी, त्या स्पर्धेपुरते अस्तित्वातच नाही. तोडगा योग्यच आहे, कारण न्याय सर्वांना पुरेल इतका नसतो, तेव्हा अन्याय तरी आगाऊ जाहीर करून सारखा वाटावा.

(प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून युद्धखेळ खेळला जाई, त्याचे नियम इतके अवजड झाले की १८७६ मध्ये फेर्दी द्यू व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने पुस्तक बाजूला ठेवून निर्णय पंचाच्या अनुभवावर सोडण्याचा पुरस्कार केला. अर्थात प्रशियाला पुढच्या तिमाहीत नवे सैनिक विकायचे नव्हते.)

नियमबंदीलाही एक भगदाड आहे. याद्या मोबाइलवरील अ‍ॅपमध्ये तयार होतात आणि अ‍ॅप आयोजकाला न विचारता अद्ययावत होते. त्यामुळे सोमवारी जमा केलेली तीच यादी खेळाडूने शनिवारी उघडली की ती तांबड्या अक्षरांत बेकायदा ठरलेली दिसते आणि प्रतिस्पर्धी तत्काळ पंचाला हाक मारतो. म्हणून अनुभवी पंच अजूनही जुन्या गुणांचा छापील कागद खिशात ठेवतो, त्यावर तारीख घालतो आणि मोबाइल दाखवणाऱ्याला तो बंद करण्यास सांगतो.